मरून बो पिवळा करताना मातकट का होतो? स्क्रॅपबुक एलिमेंटचा रंग बदलण्याची नीट पद्धत

मरून साटिनचा बो हळदी पिवळा करायचा म्हणून ‘ह्यू’ची (रंगछटेची) पट्टी सरकवली, की हाती येतो शेवाळी, मातकट बो. मग ‘लाइटनेस’ वाढवला जातो. बो उजळतो, पण घड्या पुसल्या जातात. शेवटी ‘सॅच्युरेशन’ (रंगाची तीव्रता) शंभरवर नेलं की रिबीन प्लास्टिकची वाटू लागते. बारशाचे, डोहाळजेवणाचे, जोतिबाच्या यात्रेचे अल्बम घरी बसून करणारे आणि कोल्हापूरच्या राजारामपुरी-शाहूपुरीतल्या स्टुडिओंत डिझाइन करणारी मुलं, सगळे याच तीन पायऱ्यांवर अडकतात.

चूक हाताची नसते, क्रमाची असते. प्रत्येक रंगाला स्वतःचा उजळपणा असतो. पिवळा मुळातच उजळ, मरून मुळातच गडद. रंग बदलला आणि उजळपणा जुनाच ठेवला, तर गडद पिवळा तयार होतो, आणि गडद पिवळा डोळ्याला पिवळा दिसतच नाही. म्हणून आधी एलिमेंट (पानावर लावायचं बो, फूल, बटण असं सुटं चित्र) राखाडी करायचं, त्याचा उजळपणा नव्या रंगाच्या जागी आणायचा आणि मगच रंग चढवायचा. अर्ध्याहून जास्त काम ब्लॅक अँड व्हाइटमध्येच उरकतं.

खालची नावं फोटोशॉपमधली आहेत. ब्राउझरमध्ये फुकट चालणाऱ्या फोटोपीमध्ये जवळपास तीच सापडतील. गिंपमध्ये काही नावं वेगळी आहेत, ती जागच्या जागी दिली आहेत. मोबाइल ॲपमधल्या नुसत्या ‘टिंट’वर हे काम होत नाही, लेयर (एकावर एक ठेवलेले थर) आणि क्लिपिंग (वरच्या थराचा परिणाम फक्त खालच्या थरापुरता ठेवणं) लागतंच.

## १. आधी एलिमेंट नीट बघा

फाइल उघडल्या उघडल्या रंगाला हात लावू नका. आधी पाच गोष्टी बघून घ्या.

पार्श्वभूमी खरंच पारदर्शक आहे का? फाइल पीएनजी असली तरी मागे पांढरा चौकोन असू शकतो. खाली एखाद्या भडक रंगाचा लेयर टाकला की लगेच कळतं.

सावली एलिमेंटमध्येच भाजलेली आहे का? काही किटमध्ये (एलिमेंटांच्या तयार संचात) बो आणि त्याची पडछाया एकाच लेयरवर येतात. ही सावली पुढे सगळ्यात जास्त त्रास देते.

रंग किती आहेत? मरून रिबिनीला सोनेरी जरीचा काठ असेल तर ती दोन कामं आहेत, एक नाही.

पृष्ठभाग कसला आहे? साटिन, धातू आणि काच यांच्यावर चमक पडते. सुती कापड, फेल्ट आणि कागद यांच्यावर नुसता उजेड पडतो. सहाव्या टप्प्यात हाच फरक कामी येतो.

आकार पुरेसा आहे का? १२ बाय १२ इंचाच्या पानाला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय ३६ चं जोडपान असेल तर १०८०० बाय ३६००. ४०० पिक्सेलचा बो ताणून मोठा केला की घड्यांचा तपशील आधीच गेलेला असतो. रंग बदलून तो परत येत नाही.

तपासा: किटसोबतची परवान्याची फाइल वाचली का? रंग बदलला म्हणजे एलिमेंट आपलं झालं नाही. घरच्या अल्बमला ‘पर्सनल यूज’ पुरतो. गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन पान करत असाल तर ‘स्क्रॅप फॉर हायर’ किंवा ‘कमर्शियल यूज’ची परवानगी लागते. रंगवलेलं एलिमेंट सुटं विकणं किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर वाटणं हा आणखी वेगळा विषय, आणि त्याची परवानगी बहुतेक किटमध्ये नसते.

## २. फाइलची तयारी

मूळ लेयरची प्रत काढा (कंट्रोल + जे). खालच्या लेयरला ‘मूळ’ असं नाव देऊन त्याचा डोळा (लेयर दाखवण्या-लपवण्याची खूण) बंद करा. पुढचं सगळं काम प्रतीवर.

‘इमेज’ मेनूतल्या ‘मोड’मध्ये जाऊन फाइल १६ बिटची करा. मूळ फाइल ८ बिटची असली तरी पुढच्या मोठ्या फेरफारांत आकडे कमी तुटतात, आणि साटिनच्या गुळगुळीत उतारावर पट्टे पडण्याचा धोका घटतो.

आता सावली. भाजलेली सावली असेल तर ती आत्ताच वेगळी करा. ‘ऑब्जेक्ट सिलेक्शन’ने किंवा पेन टूलने फक्त बो निवडा, कंट्रोल + जे ने तो नव्या लेयरवर घ्या, आणि जुनी सावली सोडून द्या. सगळं झाल्यावर लेयर स्टाइलमधून नवी ‘ड्रॉप शॅडो’ द्यायची आहे. यात आणखी एक फायदा असा, की पानावरच्या सगळ्या एलिमेंटांच्या सावल्या एकाच दिशेला पडतात. वेगवेगळ्या किटांतून गोळा केलेल्या पानावर एक सावली डावीकडे, एक उजवीकडे, ही खूण लांबूनही ओळखू येते.

सावध: ‘सावली काळीच आहे, तिला काय होणार?’ असं म्हणून ती तशीच ठेवू नका. पुष्कळ डिझायनर सावलीला शुद्ध काळ्याऐवजी गडद तपकिरी रंग देतात. एलिमेंट उजळवताना सावलीतला ४० चा राखाडी (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) ९६ वर पोचू शकतो. मग बोच्या भोवती सावलीऐवजी तपकिरी झाक दिसते.

इथून पुढे जी ॲडजस्टमेंट लेयर (मूळ पिक्सेल न बदलता रंग-उजेड बदलणारा थर) टाकाल ती बोच्या लेयरला क्लिप करा (ऑल्ट + कंट्रोल + जी). क्लिप करायची राहिली की पानावरचं सगळंच राखाडी होतं, आणि फोटोला काय झालं ते दहा मिनिटं कळत नाही.

गिंपमध्ये सरळ क्लिपिंग मास्क नाही. तिथे बोच्या प्रतीवरच एकेक फिल्टर चालवा आणि प्रत्येक टप्प्यानंतर नवी प्रत काढत जा. कंटाळवाणं आहे, पण परतीची वाट राहते. ३.० पासून गिंपमध्ये फिल्टर लेयरवर जिवंत राहतात, त्यामुळे हा जाच कमी झालाय.

## ३. नवा रंग मोजून घ्या

‘गुलालाचा गुलाबी’ किंवा ‘फेट्याचा भगवा’ हे बोलायला ठीक आहे, सॉफ्टवेअरला आकडे लागतात. रंग बहुतेक वेळा फोटोतूनच उचलायचा असतो: जोतिबाच्या डोंगरावर उधळलेला गुलाल, नवरदेवाचा फेटा, मावशीच्या साडीचा काठ.

आयड्रॉपरचा ‘सँपल साइज’ ‘५ बाय ५ ॲव्हरेज’ ठेवा. एका पिक्सेलवर विश्वास ठेवू नका. फोटोत दाणे असतात. रंग घ्यायचा तो मध्यम उजेडाच्या जागेवरून. उन्हात चमकणाऱ्या टोकावरून घेतला तर फिका येतो, घडीच्या आतून घेतला तर काळपट.

मिळालेल्या आरजीबी आकड्यांवरून उजळपणा काढा. लाल गुणिले ०.३०, हिरवा गुणिले ०.५९, निळा गुणिले ०.११, आणि तिन्हींची बेरीज. मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर पुरे. आपल्या उदाहरणातले आकडे असे:

- मरून बो, मध्यम भाग (१२०, २०, ३५): उजळपणा ५२
- बॉटल ग्रीन (०, ८५, ६०): उजळपणा ५७
- गुलाली गुलाबी (२२५, ३०, १२०): उजळपणा ९८
- हळदी पिवळा (२२५, १७०, ३०): उजळपणा १७१

मरूनवरून बॉटल ग्रीनवर जाताना कुणी अडकत नाही, कारण दोघांचा उजळपणा जवळपास सारखा आहे. तिथे ‘ह्यू’ची पट्टीसुद्धा बऱ्यापैकी काम करते. एकदा जमलं म्हणून तीच युक्ती पिवळ्याला लावली की घोळ होतो: ५२ वरून १७१ वर जायचंय, आणि ‘ह्यू’ची पट्टी ते करत नाही.

तपासा: जुना आणि नवा उजळपणा कागदावर लिहिला का? दोन्हींत १५-२० पेक्षा कमी फरक असेल तर चौथा टप्पा पटकन उरकेल. जास्त असेल तर तिथेच वेळ द्या.

## ४. राखाडी प्रत: खरं काम इथे

रंग काढून टाकायचे अनेक मार्ग आहेत, पण सगळे एकसारखा राखाडी देत नाहीत. शिफ्ट + कंट्रोल + यू ने ‘डिसॅच्युरेट’ केलं तर आपल्या मरूनचा मध्यम भाग ७० वर येतो. उजळपणाच्या सूत्राने तो ५२ आहे. आणि नुसता लाल चॅनेल (आरजीबीतला फक्त लालचा आकडा) बघितला तर १२०.

मरून, लाल, भगवा अशा रंगांत घड्यांचा बहुतेक तपशील लाल चॅनेलमध्ये असतो. हिरव्या आणि निळ्या चॅनेलमध्ये जवळपास अंधार असतो, वर जेपीजीची कचकचही तिथेच जास्त दिसते. तेव्हा राखाडी प्रत लाल चॅनेलमधून घ्या.

‘चॅनेल मिक्सर’ ॲडजस्टमेंट लेयर टाका, बोच्या लेयरला क्लिप करा, ‘मोनोक्रोम’वर खूण करा. लाल १००, हिरवा ०, निळा ०. बो एकदम उजळ आणि स्वच्छ दिसेल. गिंपमध्ये हेच ‘कलर्स’मधल्या ‘डिसॅच्युरेट’खाली ‘मोनो मिक्सर’ नावाने आहे. निळ्या एलिमेंटला निळा चॅनेल, हिरव्या पानाला हिरवा. साधा नियम: एलिमेंटचा जो रंग, तो चॅनेल.

एक अडचण येऊ शकते. भडक लाल एलिमेंटमध्ये लाल चॅनेल आधीच २५५ ला टेकलेला असतो आणि उजळ भागातल्या घड्या सपाट दिसतात. तसं झालं तर लाल ७०, हिरवा ३० असं मिसळा. बेरीज १०० राहू द्या.

आता ‘लेव्हल्स’ टाका, तीही क्लिप करा, आणि फक्त मधली पट्टी हलवा. मध्यम भाग १२० वर आहे.

पिवळ्यासाठी तो १७१ वर न्यायचाय: मधली किंमत साधारण १.८९.

गुलाली गुलाबीसाठी ९८ वर आणायचाय: साधारण ०.७९.

लाल चॅनेल न घेता ५२ वरूनच पिवळ्याकडे निघालो असतो तर हीच किंमत चारच्या आसपास न्यावी लागली असती. एवढं ताणलं की सावलीतला दाणा आणि जेपीजीचे चौकोन वर येतात. चॅनेल मिक्सरची पायरी गाळू नका म्हणतो ते एवढ्यासाठी.

‘इन्फो’ पॅनेल उघडं ठेवा. बोच्या मध्यम भागावर कर्सर नेऊन आकडा बघा, पाच-सातचा फरक चालतो. मग दोन्ही टोकं. सगळ्यात उजळ जागा २५० च्या पुढे गेली असेल तर ‘कर्व्ह्ज’ने वरचं टोक थोडं खाली ओढा. सगळ्यात खोल घडी पिवळ्यासाठी ५०-६० च्या आसपास असली तर बरं. त्याखाली गेली तर रंग चढवल्यावर तिथे डाग दिसतो.

सावध: ‘ह्यू-सॅच्युरेशन’मधली ‘लाइटनेस’ पट्टी इथे वापरू नका. ती उजेड वाढवत नाही, सगळ्यावर सारखा पांढरा ओतते. खोल घड्याही राखाडी होतात आणि कापड धुरकट दिसतं.

तपासा: रंगाचा विचार न करता हा राखाडी बो नीट बघा. तो पांढऱ्या-राखाडी कापडाचा खरा बो वाटतो का? घड्या वाचता येतात का? इथे पटला नाही तर रंगाने पटणार नाही. पुढे जाऊ नका.

## ५. रंग चढवा

दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग सगळ्या रंगांना चालत नाही.

सोपा मार्ग: ‘सॉलिड कलर’ लेयर टाका, क्लिप करा, ब्लेंड मोड (वरचा लेयर खालच्यात मिसळण्याची पद्धत) ‘कलर’. हा मोड खालच्या लेयरचा उजळपणा ठेवतो आणि रंगछटा व तिची तीव्रता (सॅच्युरेशन) वरची घेतो. निळा, जांभळा, बॉटल ग्रीन, मरून यांना हा मार्ग पुरतो. गिंपमध्ये ‘एलसीएच कलर’ मोड घ्या. तिथला ‘एचएसएल कलर’ उजळपणा वेगळ्या रीतीने मोजतो आणि निकाल घसरतो.

पिवळा, भगवा, गुलाबी, फिरोजी यांना मात्र या मार्गाने सावल्या खोट्या दिसतात. झेंडूचं फूल जवळून बघा. पाकळीच्या बेचक्यात रंग काळपट पिवळा नसतो, तो नारिंगी-तपकिरी असतो. ‘कलर’ मोड सगळीकडे एकच पिवळा लावतो, म्हणून सावलीत हिरवट झाक येते.

चांगला मार्ग: ‘ग्रेडिएंट मॅप’. राखाडीच्या प्रत्येक पायरीला आपण ठरवू तो रंग मिळतो. लोक इथेही चुकतात. तीन रंग घेतात आणि ०, ५०, १०० वर ठोकून देतात. मग चौथ्या टप्प्यात जुळवलेला उजळपणा इथे पुन्हा हलतो.

नियम असा: प्रत्येक रंग त्याच्या स्वतःच्या उजळपणाच्या जागी लावा. उजळपणा भागिले २५५ म्हणजे पट्टीवरचा टक्का.

हळदी पिवळ्यासाठी:

- ० टक्के: (२०, ८, ०)
- २२ टक्के: (९२, ४८, ८), नारिंगीकडे झुकलेला तपकिरी
- ६७ टक्के: (२२५, १७०, ३०), आपला मुख्य रंग
- ९५ टक्के: (२५५, २४४, २०५), फिकी साय
- १०० टक्के: पांढरा

गुलाली गुलाबीसाठी:

- ० टक्के: (२५, ०, १८)
- १३ टक्के: (८५, ०, ६०), जांभळ्याकडे झुकलेली सावली
- ३९ टक्के: (२२५, ३०, १२०)
- ८३ टक्के: (२५५, १९०, २१५)
- १०० टक्के: पांढरा

‘डिदर’वर खूण असू द्या, पट्टे पडत नाहीत. ग्रेडिएंटला नाव देऊन जपून ठेवा, म्हणजे त्याच रंगाची बटणं, फुलं, टॅग करताना पुन्हा आकडे घालावे लागणार नाहीत. पण ‘लेव्हल्स’ मात्र प्रत्येक एलिमेंटला नव्याने. एका बोची सगळी सेटिंग उचलून दहा एलिमेंटांवर चिकटवली, की दोन-तीन बरोबर येतात आणि उरलेली एकमेकांशी जुळत नाहीत, मग दोष किटला दिला जातो.

सावलीचा रंग कुठे झुकवायचा याचा ठोकताळा: पिवळ्याची सावली नारिंगी-तपकिरीकडे, भगव्याची लालकडे, गुलाबीची जांभळ्याकडे, हिरव्याची निळ्याकडे. झुकाव थोडाच हवा. जास्त झाला की दोन रंगांचं कापड वाटतं.

तपासा: सगळ्यात वर एक ‘सॉलिड कलर’ लेयर टाका, राखाडी भरा, मोड ‘कलर’. हा लेयर क्लिप करायचा नाही. आता पूर्ण पान उजळपणात दिसेल. ग्रेडिएंट मॅपचा डोळा उघड-बंद करा. बो राखाडीत जवळपास हलला नाही, तर सावल्या शाबूत आहेत. हा तपासणीचा लेयर पान संपेपर्यंत ठेवा, फक्त छपाईची फाइल काढताना बंद करायला विसरू नका.

## ६. चमक: कुठे पांढरी, कुठे नाही

साटिन, धातू, काच आणि इनॅमलची बटणं यांच्यावरची तीव्र चमक ही कापडाची नसते, उजेडाची असते. म्हणून मरून साटिनवरही ती पांढरट दिसते आणि पिवळ्यावरही पांढरटच राहायला हवी. सुती फेट्यावर तसं नसतं. तिथला उजळ भाग म्हणजे त्याच भगव्याचा फिका भाग.

साटिनसाठी: ‘मूळ’ लेयरची प्रत सगळ्यात वर आणा, तिला राखाडी करा, ‘लेव्हल्स’मधली डावीकडची इनपुट पट्टी १९० च्या आसपास ओढा. आता चमकणाऱ्या रेघाच उरतील, बाकी काळं. मोड ‘स्क्रीन’, क्लिप करा, ‘ओपॅसिटी’ ३० ते ६०. मूळ एलिमेंट फार गडद असेल तर १९० वर काहीच उरणार नाही; तिथे रेघा दिसू लागेपर्यंत पट्टी खाली आणा.

लेयर वाढवायचे नसतील तर ग्रेडिएंट मॅपच्या लेयर स्टाइलमधलं ‘ब्लेंड इफ’ वापरा. ‘अंडरलाइंग लेयर’ची पांढरी खुंटी ऑल्ट धरून दोन भागांत तोडा आणि एक भाग २०० वर, दुसरा २४५ वर ठेवा. वरच्या उजळ भागातून खालची राखाडी चमक अलगद दिसते. खुंटी न तोडता नुसती सरकवली तर चमकेची कड कापल्यासारखी येते.

कागद, फेल्ट, लोकर, जूट: हा टप्पा सोडून द्या. फेल्टच्या फुलावर पांढरी चमक टाकली की ते फेल्ट राहत नाही, रबर होतं.

## ७. अवघड गिऱ्हाइकं

पांढरं एलिमेंट. मोगऱ्याच्या पांढऱ्या गजऱ्याचा अबोली गजरा करायचा. ‘कलर’ मोड लावला आणि काहीच घडलं नाही? बरोबर आहे. पांढऱ्याचा उजळपणा २५५, आणि तेवढ्या उजेडात कुठलाही रंग पांढराच दिसतो. इथे ‘सॉलिड कलर’ला ‘मल्टिप्लाय’ मोड द्या. पाकळ्यांतल्या फिक्या सावल्या अपुऱ्या वाटतील, म्हणून आधी ‘लेव्हल्स’ची मधली पट्टी ०.७ पर्यंत आणून त्या गडद करून घ्या. रंग थोडा फिकाच निवडा. ‘मल्टिप्लाय’ त्याला गडद करतोच.

काळं एलिमेंट. काळ्यात तपशील ० ते ४० च्या पट्ट्यात दाबलेला असतो. ‘लेव्हल्स’मध्ये उजवीकडची इनपुट पट्टी हिस्टोग्रामच्या टोकापर्यंत आणा. तपशील असेल तर उघडेल. नसेल तर दुसरं एलिमेंट शोधा. सपाट काळ्यातून घड्या काढता येत नाहीत.

सोनेरी ते चंदेरी आणि उलट. कोल्हापुरी साजाचं चित्र असलेलं एलिमेंट चंदेरी करायचं तर राखाडी करून त्यात किंचित निळा मिसळला की पुरे. उलट दिशा कठीण आहे. चंदेरीवर पिवळा ‘कलर’ मोडने टाकला तर कोल्हापूरच्या गुजरीतलं (सराफ बाजारातलं) सोनं दिसत नाही, पितळही नाही, पिवळा रंग फासलेलं पत्र्याचं काहीतरी दिसतं. ग्रेडिएंट मॅप घ्या: सावलीत (७०, ४०, १०), मध्ये (२००, १५०, ५०), उजेडात (२५५, २४५, २०५). जागा पाचव्या टप्प्यातल्या नियमाने काढा. धातूत गडद आणि उजळ एकमेकांना खेटून असतात, तो कॉन्ट्रास्ट कमी करू नका.

जरीचा काठ, पांढरे टाके. कोल्हापूरच्या पापाच्या तिकटीवर दिसते तशी कातडी रंगाची चप्पल मरून करायची, पण तिच्यावरचे पांढरे टाके आणि सोनेरी जर तशीच राहायला हवी. चॅनेल मिक्सर, लेव्हल्स, ग्रेडिएंट मॅप हे सगळं एका ग्रुपमध्ये घालून मास्क (परिणाम कुठे दिसावा ते ठरवणारा पडदा) त्या ग्रुपला द्या, प्रत्येक लेयरला वेगळा नको. ग्रुप बोच्या किंवा चपलेच्या लेयरला क्लिप होत नसेल तर एलिमेंटही त्याच ग्रुपमध्ये घ्या आणि मूळ प्रत खाली उघडी ठेवा. ‘सिलेक्ट’ मेनूतल्या ‘कलर रेंज’ने कातडी रंग निवडा, ‘फझीनेस’ कमी-जास्त करून बघा, मास्कला अर्धा ते एक पिक्सेल ‘फेदर’ द्या. कातडी आणि सोनेरी जर दोन्ही पिवळसर असल्याने ‘कलर रेंज’ जरीचाही थोडा भाग निवडणारच. उरलेलं हाताने, बारीक ब्रशने, २०० टक्के झूमवर. याला पर्याय नाही.

## ८. कडा

रंग बदलल्यावर बोच्या कडेला मरून केसाएवढी रेघ उरली आहे का, हे पांढऱ्या आणि काळ्या अशा दोन्ही पार्श्वभूमींवर बघा. सगळे लेयर क्लिप केले असतील तर सहसा उरत नाही. जरीसाठी मूळ प्रत खाली ठेवली असेल, किंवा कापून घेतलेलं एलिमेंट असेल, तर उरते. प्रत एकत्र करून ‘लेयर’ मेनूतल्या ‘मॅटिंग’मध्ये ‘डीफ्रिंज’ १ पिक्सेल द्या. लेस आणि जाळीला हे देऊ नका, बारीक धागे जाड होतात. तिथे कडेवर रंग असलेला छोटा ब्रश, लेयरचे पारदर्शक पिक्सेल लॉक करून.

कडा झाल्या की मगच नवी ड्रॉप शॅडो. शुद्ध काळी नको, पानाच्या कागदाच्याच रंगाची खूप गडद छटा घ्या, मोड ‘मल्टिप्लाय’. ‘यूज ग्लोबल लाइट’ चालू ठेवा.

## ९. जपून ठेवणे आणि छापायला देणे

लेयरसकट पीएसडी आधी. त्यानंतर ८ बिट करून सुटं एलिमेंट पीएनजीमध्ये. जेपीजीत दिलं तर पारदर्शकता जाते आणि मागे पांढरा चौकोन येतो.

अल्बम फोटो लॅबमध्ये छापायचा असेल तर पूर्ण पान एसआरजीबीमध्ये, जेपीजी, लॅब मागेल त्या आकारात. पत्रिका किंवा बॅनर सीएमवायके (चार शाईंच्या) छपाईला जाणार असेल तर गोष्ट बदलते. गुलाली गुलाबी, भडक भगवा आणि पोपटी हे तिन्ही पडद्यावर जितके तेज दिसतात तितके शाईत येत नाहीत. शिफ्ट + कंट्रोल + वाय ने ‘गॅमट वॉर्निंग’ लावा. राखाडी डाग पडले ते भाग छपाईत बसणार नाहीत. कंट्रोल + वाय ने छपाईचा अंदाज बघा आणि ग्रेडिएंट मॅपमधला मुख्य रंग थोडा कमी तेज करा. सरसकट ‘सॅच्युरेशन’ खाली ओढू नका, त्याने सावलीतला झुकावही मरतो.

पडद्याचा नाइट लाइट बंद आहे ना, तेही बघा. संध्याकाळी आपोआप चालू होणारा हा पिवळा पडदा असताना निवडलेला पिवळा सकाळी वेगळाच दिसतो.

पूर्ण अल्बम देण्याआधी बो, फूल, बटण आणि रिबीन असे चार-पाच रंगवलेले एलिमेंट एका ४ बाय ६ इंचाच्या फोटोत मांडा, पांढऱ्या आणि गडद अशा दोन्ही पट्ट्यांवर, आणि त्याच लॅबमधून एक प्रिंट काढून आणा. ती दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको. सावल्या बुजलेल्या दिसल्या तर ‘लेव्हल्स’च्या मधल्या पट्टीत ०.१ वाढवून पुन्हा एक प्रिंट काढा, आणि जुळलेला आकडा पीएसडीच्या नावातच लिहून ठेवा: बो-हळदी-१.९९ असं.